न्हाव्याचा भाग

गेल्या रविवारी सांगवीला जाऊन मी टीव्हीवर अंतराळयानाची एक गोष्ट पाहिली. मला असल्या मालिकांची आवड नाही. माणसं दुसऱ्या ग्रहावर कशी पोचतात यापेक्षा आपली माणसं चाकणच्या चौकातून वेळेत कशी पोचतील, हा माझा नोकरीभराचा प्रश्न. पण हा एक भाग मी इतक्या वेळा पाहिला आहे, की कोण कधी काय बोलणार ते मला आधीच कळतं. नोकरीत असताना पाहिला तो ड्यूटी म्हणून. या वेळी पहिल्यांदाच आपणहून पाहिला.

सोफ्यावर माझ्या शेजारी त्यांची मुलगी होती. दाराजवळच्या खुर्चीत आमचा जुना फिटर बसला होता. समोर टीव्ही आणि टीव्हीच्या वर त्यांचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. तेरावा नुकताच झाला होता. फोटोतही ते कॅमेऱ्याकडे न बघता जरा बाजूला बघताहेत. फोटोग्राफरच्या दिव्याची वायर उघडी असणार.

ते म्हणजे आमच्या कंपनीचे सेफ्टी ऑफिसर. चाकणला मोटारींचे पत्र्याचे भाग ठोकणारा आमचा कारखाना. मी तिथे एचआर बघायची. ते मला म्हणायचे, "मॅडम, तुम्ही माणसं मोजा, मी बोटं मोजतो." हा विनोद नव्हता. संध्याकाळी शिफ्ट सुटताना ते गेटवर उभे राहायचे आणि खरोखर प्रत्येकाच्या हाताकडे बघायचे.

आता तो भाग. मालिका परदेशी. एक प्रचंड जहाज अंतराळात फिरत असतं. ती इतकी वर्षं चालली, की त्यात कप्तान बदलले, जहाजं बदलली, लहान मुलांची कामं करणारे नट म्हातारे झाले. आमच्या सेफ्टी ऑफिसरांनी ती पहिल्यापासून पाहिली होती आणि त्यांचं म्हणणं, प्रत्येक भागात कोणी ना कोणी मरतंच. बहुधा ज्याला नाव नाही असा कोणीतरी. हा एकच भाग हलकाफुलका आहे आणि यात कोणी मरत नाही. म्हणून ट्रेनिंगमध्ये ते हा एवढाच दाखवत.

गोष्ट अशी. कुठल्याशा ग्रहावर कप्तानाचा मोठा सत्कार व्हायचा असतो. वेळ ठरलेली असते. वाटेत जहाज दुरुस्तीला थांबतं आणि दुरुस्तीनंतर जहाजाचा बोलणारा कॉम्प्युटर एकदम काळजीवाहू होऊन बसतो. जहाजावरच्या प्रत्येकाने आपल्या तोंडाने 'मी ठीक जागी आहे' असं सांगितल्याशिवाय इंजिन सुरू करणार नाही, म्हणतो. सगळे सांगतात. एकटा न्हावी सांगत नाही. अर्ध्या दाढीचा एक अधिकारी त्याला शिव्या देत जहाजभर शोधतो. कोणी म्हणतं, तो मागच्या थांब्यावरच उतरला. कप्तान वैतागतो, कॉम्प्युटरला विनवतो, धमकावतो, शेवटी त्याला बंद करून हाताने इंजिन चालू करायला निघतो. तेवढ्यात न्हावी सापडतो. जहाजात थंडी वाजते म्हणून तो इंजिनाच्या गरम नळकांड्यात जाऊन झोपलेला असतो. बाहेर येतो तेव्हा त्याचेच केस खराट्यासारखे उभे असतात. सगळे हसतात.

इथे ते चित्र थांबवायचे. कारखान्यात नव्याने लागलेली पोरं तोवर खो खो हसत असायची, कारण न्हाव्याचं काम करणारा माणूस खरंच चांगला होता. ते हसू पूर्ण ओसरेपर्यंत हे गप्प उभे राहत. मग म्हणत, "हसलात ना? हसा. हसण्यासारखंच आहे. आता सांगा, इंजिन आधी चालू केलं असतं तर?"

उत्तरही तेच द्यायचे.

"तर हाच भाग रडका झाला असता. नट तेच, जहाज तेच. फरक फक्त एवढा, की इथे ते थांबले."

एवढं बोलून ते प्रत्येकाच्या हातात एकेक लाल कुलूप द्यायचे. त्यावर त्या माणसाचा फोटो चिकटवलेला. पद्धत सोपी आहे आणि त्यांनी शोधलेली नाही. सगळ्या मोठ्या कारखान्यांत असते. मशीनच्या आत हात, डोकं, काहीही घालायचं असेल तर आधी मेन स्विच बंद करायचा आणि त्याच्या कडीत आपलं कुलूप लावायचं. चारजण काम करत असतील तर चार कुलपं. किल्ली ज्याची त्याच्या खिशात. काम संपलं की प्रत्येकाने आपलं कुलूप आपण काढायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "मी बाहेर आहे." शेवटचं कुलूप निघाल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. मोठ्याने म्हणायचं, ही भर मात्र त्यांची.

मलाही कुलूप दिलं होतं. मी म्हटलं, "मी कशाला मशीनमध्ये जाते?"

"कोणीच जात नाही, मॅडम. विचारून बघा. अडकलेला प्रत्येक माणूस हेच सांगतो."

माणूस सहवासाला कठीण होता, हे आधीच सांगते, नाहीतर गेलेल्या माणसाबद्दल उगाच गोड लिहिल्यासारखं होईल. त्यांच्याशी गप्पा होत नसत. त्यांच्या सगळ्या शर्टांच्या बाह्या कोपराच्या वर कात्रीने कापलेल्या होत्या, अगदी सासुरवाडीहून आलेल्या सिल्कच्या शर्टाच्यासुद्धा, कारण सैल बाही फिरत्या रोलरमध्ये जाते. कापलेल्या कडा दुमडून शिवून घ्यायचंही त्यांना सुचत नसे. दोरे लोंबत असत, तेही ते अधूनमधून कापत. हातात अंगठी नाही, घड्याळ नाही. लग्नाला गेले तर वधूवरांच्या आधी मांडवाचे खांब हलवून बघायचे. हॉटेलात शिरले की स्वयंपाकघराचं मागचं दार कुठे ते विचारायचे आणि वेटरला वाटायचं, हे अन्न तपासणारे आहेत. एकदा त्यामुळे आम्हाला चहा फुकट मिळाला. त्यांनी तो घेतला नाही. किटलीचा कान सैल आहे, म्हणाले.

राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तर ते गेटवर कात्री घेऊनच उभे राहायचे. राख्या, गंडे, देवळातले लाल दोरे, सगळं कापायचं. मनगटातला दोरा मशीनने ओढला तर दोरा तुटत नाही, हात जातो. हे खरं आहे. पण बहिणीने काल बांधलेली राखी आज परक्या माणसाने कापायची, हे कोणाला सोसेल? लोक मनातून चरफडायचे. चाकणजवळच्या गावातला आमचा एक जुना सुपरवायझर होता. स्वतःची शेती राखून नोकरी करणारा, कोणाला न घाबरणारा. तो एकदा म्हणाला, "साहेब, भनीचा शाप लागंल तुमाला."

"लागू दे," हे म्हणाले, "हात पुढे कर."

कापलेली राखी ते फेकत नसत. नाव लिहिलेल्या छोट्या पुडीत घालून स्टीलच्या डब्यात ठेवत आणि शिफ्ट सुटताना ज्याची त्याला देत. वर सुईदोराही ठेवलेला असे. सुपरवायझर तोंड वाकडं करून आपली राखी घ्यायचा आणि तिथेच उभ्या उभ्या टाके घालून परत बांधायचा. त्याला शिवण चांगली जमायची.

हे असे का झाले, याच्या कारखान्यात बऱ्याच कहाण्या होत्या. कोणी म्हणायचं, त्यांचा भाऊ गिरणीत गेला. कोणी म्हणायचं, आधीच्या कंपनीत त्यांच्या डोळ्यांदेखत एकाचा हात प्रेसखाली गेला, तेव्हापासून डोक्यावर परिणाम आहे. ट्रेनी मुलं तर शपथेवर सांगायची, की त्यांनी स्वतःच कोणाचं तरी कुलूप कापलं होतं. मी एचआरमध्ये होते. आधीच्या कंपन्यांशी माझं बोलणं व्हायचं. यातलं काहीही घडलेलं नव्हतं. त्यांना भाऊ नव्हता. त्यांच्या देखरेखीखाली कुठेही कोणाचं नखसुद्धा गेलं नव्हतं. मी एकदा सरळ विचारलं, तर त्यांना प्रश्नच कळला नाही.

"आधी कोणी मरायला हवं होतं का?" ते म्हणाले. ते खरोखर विचारत होते.

त्यांची नोकरी ज्या दिवशी गेली, तो दिवस खंडेनवमीचा. पत्र प्रत्यक्षात पुढच्या मार्चमध्ये आलं, पण ती गेली त्या दिवशीच.

आमच्याकडे खंडेनवमीला मशीनची पूजा असते. आदल्या दोन दिवसांत सगळी मशीन धुऊनपुसून काढतात, त्या दिवशी कामगार बायकापोरांना घेऊन येतात, नवे कपडे, झेंडूच्या माळा, पेढे. एरवी बाबा जिथे जातात ती जागा पोरांना दिसते. त्या वर्षी नवी मोठी प्रेस आली होती. दुमजली घराएवढी. मालकांच्या आई मुहूर्तावर तिचं बटण दाबणार आणि पहिला पत्रा ठोकला जाणार, असं ठरलं होतं. गुरुजी, फोटोग्राफर, गिऱ्हाईक कंपनीचे साहेब, सगळे जमले. प्रेसच्या खांबांना केळीचे खुंट बांधले होते.

आणि मेन स्विचच्या कडीत एक लाल कुलूप होतं. त्यावर फिटरचा फोटो.

हा तोच फिटर, जो परवा सांगवीला दाराजवळ बसला होता. तेव्हा कोवळा होता, जालन्याच्या पुढच्या कुठल्यातरी गावचा, नुकताच लागलेला. आदल्या दिवशी प्रेसखालच्या खड्ड्यात उतरून साफसफाई करायचं काम त्याच्याकडे होतं. सणाला गावी जायची रजा त्याने घेतली होती. खोलीवरची मुलं म्हणाली, तो गावीच गेला असणार. पण तो गेल्याचं कोणी पाहिलं नव्हतं, आणि गेटच्या मशीनवर त्याचा आत आल्याचा पंच होता, बाहेर गेल्याचा नव्हता. पंच करायला लोक विसरतात. दर महिन्याला मीच ते दुरुस्त करत बसायची. फोन बंद येत होता.

मालक म्हणाले, "कटर आणा, तोडा ते कुलूप."

हे म्हणाले, "तो बाहेर आहे असं त्याने सांगितलेलं नाही."

मालक म्हणाले, खड्ड्यात बघा. सुपरवायझर नवीन कपड्यांनिशी बॅटरी घेऊन उतरला. तेलाने माखून वर आला. "न्हाई वो साहेब, कुनी न्हाई. म्या सोता वाकून वाकून बघितलंय."

वरच्या माळ्यावर बघा म्हणाले. तिथेही चढून झालं. मागे, पंपाच्या खोलीत, संडासात, स्टोअरमध्ये. बायका पोरांना पंख्यासमोर घेऊन बसल्या. गुरुजींनी मंत्र सावकाश म्हणायला सुरुवात केली.

"आता झालं समाधान?" मालक म्हणाले.

"शोधलं. सापडला नाही. सापडला नाही म्हणजे तो नाही, असं होत नाही. त्याचा आवाज ऐकू येऊ द्या, मी स्वतः कापतो."

"अहो, तो गावी म्हशीमागे हिंडत असेल! तुम्ही देवाच्या कामात आडवे येताय."

"येतोय."

मग त्यांनी जे केलं, त्याची नक्कल कारखान्यात नंतर खूप वर्षं चालली. त्यांनी कँटीनमधली एक प्लास्टिकची खुर्ची ओढत आणली, पॅनेलच्या समोर ठेवली आणि स्विचला पाठ लावून बसले. चिडून नाही, दवाखान्यात नंबर लावून बसतात तसे. मांडीवर फोन ठेवला आणि फिटरचा नंबर लावत राहिले. फोन बंद आहे हे सांगणारी बाई आख्ख्या शेडला ऐकू येत होती.

न्हाव्याच्या भागाची सगळ्यांना आठवण झाली, हे सांगायला नको. ट्रेनी पोरं मागे एकमेकांना ढोसत होती. कोणीतरी हळूच म्हणालं, "नळकांड्यात बघितलं का रं?" आणि हसू पसरत पसरत पुढपर्यंत आलं. मालकांच्या कानापर्यंत आलं. गिऱ्हाईक कंपनीचे साहेबही हसले. ते हसल्यामुळे मालकांचा चेहरा कायमचा बदलला. माझ्या मते मुहूर्तापेक्षा त्यांना ते हसणं लागलं.

मुहूर्त टळला. गुरुजी पंचांग बघून म्हणाले, दुपारचा आहे, पण साधारण आहे.

मालकांच्या आई तोवर एका बाजूला शांत उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. आता म्हातारी यांना झापणार, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी प्रेसला हळदकुंकू वाहिलं, मग यांच्या खांद्यावरून हात घालून त्या लाल कुलपालाही एक बोट लावलं आणि म्हणाल्या, "पूजा झाली. मला घरी सोडा, माझे पाय दुखताहेत." त्या गेल्या, त्यांच्यामागे मालक गेले, साहेब गेले. पेढे वाटले गेले. लोक पांगले. हे तिथेच बसून.

मी का थांबले? पाहुण्यांच्या जेवणाचं आणि बसचं काम माझ्याकडे होतं, म्हणून.

दुपार कलली तेव्हा त्यांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला. तिकडून फिटर ओरडत होता, "साहेब, बॅटरी गेली होती! गावात लाइट नव्हती. एवढे मिसकॉल? काय झालं, साहेब? किल्ली तर माझ्याच खिशात राहिली की हो!"

"नाव सांग."

"साहेब, मीच की."

"नाव सांग. पूर्ण."

त्याने सांगितलं.

"कुठे आहेस?"

"घरी. गोठ्यात उभा आहे, साहेब."

"शेजारी कोण आहे?"

"म्हैस हाय, साहेब."

जे चारदोन लोक उरले होते ते पोट धरून हसले. सुपरवायझर तर खालीच बसला. मालकांचं म्हशीचं भाकीत खरं निघालं म्हणून मलाही हसू आलं. हे हसले नाहीत. म्हणाले, "आता बोल."

मग पोराने अगदी वर्गात उभं राहिल्यासारखं सांगितलं, "मी बाहेर आहे."

"ठीक," हे म्हणाले. उठले. कटर मागून घेतलं आणि कुलूप स्वतः कापलं. उठताना त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला, पाय आखडले होते. केळीचे खुंट तोवर कोमेजून माना टाकून होते.

मालकांना मी पुढच्या महिन्यांत दोनदा सांगून पाहिलं, की त्यांनी नियमाप्रमाणेच केलं. मालक वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "मॅडम, नियम मलाही कळतो. पण पोरगा म्हशीजवळ उभा होता. आणि मी तीनशे माणसांसमोर वेडा ठरलो." पोरगा खरोखरच म्हशीजवळ होता. मार्चमध्ये त्यांचा करार वाढवला नाही.

लोक आता मला विचारतात, त्यांच्यानंतर त्या प्रेसवर काही झालं का? त्यांना हो ऐकायचं असतं, म्हणजे गोष्ट पुरी होते. काही झालं नाही. मी कंपनी सोडेपर्यंत तरी झालं नाही. नवीन ऑफिसर आले, हुशार होते, मुहूर्ताच्या आदल्या दिवशीच सगळी कुलपं तपासायचे. राख्या कापायच्या बंद झाल्या. हातमोज्याच्या आत सरकवून चालायचं. मोठ्याने 'मी बाहेर आहे' म्हणणंही हळूहळू गेलं. एकटा फिटर म्हणायचा. त्याला म्हशीवरून इतकं चिडवलं गेलं होतं, की अजून थोडं चिडवल्याने फरक पडत नव्हता.

त्यानंतर त्यांना धड नोकरी मिळाली नाही. या पट्ट्यात बातमी लवकर फिरते, आणि मुहूर्त मोडणारा माणूस कोणाला हवा असतो? मी राहते त्या पुनावळ्यात एका सोसायटीत ते मॅनेजर म्हणून लागले, तर लिफ्टचं दार नीट लागत नाही म्हणून त्यांनी तीन दिवस लिफ्टच बंद ठेवली. अकराव्या मजल्यावरच्या लोकांनी त्यांना घालवलं. तेव्हा भाजी घेताना ते मला भेटले. बाह्या कापलेल्याच. मी विचारलं, कसं चाललंय? म्हणाले, "लिफ्ट दुरुस्त झाली." मग बायको गेली, तब्येत गेली. मुलगी हिंजवडीला नोकरीला लागली, म्हणून घर चाललं. फिटर दर दसऱ्याला त्यांच्याकडे आपट्याची पानं घेऊन जायचा. दोघं जेवायचे आणि न्हाव्याचा भाग बघायचे. इतक्या वर्षांत दुसरा कुठला भाग बघितला नाही का, असं मी परवा त्याला विचारलं.

"एकदा लावला होता, मॅडम. त्यात पहिल्या पाच मिनिटांत एक गेला. साहेबांनी बंद केला."

तर परवा तो भाग आम्ही तिघांनी पाहिला. न्हावी बाहेर आला, केस उभे, सगळे हसले. इथे सवयीने मी बंद होण्याची वाट पाहत होते. मुलगीही रिमोट हातात घेऊन बसली होती, पण तिने बटण दाबलं नाही. "बाबा घरीही इथेच बंद करायचे," ती म्हणाली. "काकू, पुढे काय आहे ते मला माहितीच नाही."

फिटर म्हणाला, "पुढं काय असंल? संपलंच की."

पुढे एक मिनिटभर होतं. जहाज त्या ग्रहावर पोचतं. कप्तान छातीवर हात फिरवत, कॉलर नीट करत, सभागृहाचं दार उघडतो. सभागृह रिकामं असतं. दोन माणसं खुर्च्या उचलून एकावर एक रचत असतात. कप्तान कोणाला काही विचारत नाही. थोडा वेळ उभा राहतो, मग एक खुर्ची उघडून बसतो. मागून न्हावी येतो आणि त्याच्या केसांवरून एकदा कंगवा फिरवतो. मालिकेचं संगीत वाजतं, तेही गमतीचंच. संपलं.

मुलीने टीव्ही बंद केला, मग स्विचबोर्डचं बटणही बंद केलं. त्यांच्या घरात तसंच करतात. फिटर उठून गॅलरीत गेला.

ट्रेनी पोरांना त्यांनी हे कधी दाखवलं नाही, ते मला पटतं. थांबण्याची किंमत आधीच दाखवली, तर पोरं थांबणार कशी? पण त्यांनी स्वतः तो भाग शेवटपर्यंत पाहिलेला असणार. त्या खंडेनवमीला खुर्ची ओढत आणली, तेव्हा सभागृह रिकामं होणार हे त्यांना माहीत होतं.

ते गेले ते सकाळी, चहा पिऊन पेपर वाचता वाचता. विद्युतदाहिनीशी आम्ही थोडेच लोक होतो. फिटर, ओठ घट्ट मिटून उभा असलेला म्हातारा सुपरवायझर, सोसायटीतले दोघेतिघे, मी. मालकांच्या आई आता नाहीत. मालकांनी हार पाठवला होता. भटजींचं झालं. गाडा आत सरकला, लोखंडी दार खाली आलं. तिथला माणूस मुलीला म्हणाला, "ताई, हे हिरवं बटण दाबा." हे त्याचं रोजचं काम. मागे दुसरे लोक थांबलेले होते.

तिने बटणावर बोट ठेवलं आणि मान वळवून विचारलं, "सगळे बाहेर आहात?"

तो माणूस म्हणाला, "ताई, सगळे बाहेरच आहेत. दाबा."

"त्यांना सांगू द्या."

मग फिटर म्हणाला, "मी बाहेर आहे." सुपरवायझरने घसा खाकरला. "मी भाईर हाय." सोसायटीतल्या लोकांना काय चाललंय ते कळेना, पण एकाने म्हटल्यावर त्यांनीही म्हटलं. तिथल्या माणसाने आमच्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि तोही म्हणाला. मी उरले होते. माझं कुलूप मी आयुष्यात कधी कुठल्या मशीनला लावलं नव्हतं. मी म्हटलं, "मी बाहेर आहे."

मग ती दाराकडे तोंड करून थांबली. जेवढं थांबायला हवं तेवढं. मागच्या लोकांमध्ये कुजबुज सुरू झाली, तरी ती हलली नाही.

आतून आवाज आला नाही. तिने बटण दाबलं.